शेवटच्या बाकावरचे काका

युवा रविवारच्या उपासनेत सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी काका पुलपिटवर, म्हणजे चर्चमधल्या उंच व्यासपीठावर, चढले. एकूण पाच मिनिटं ते तिथे होते. त्यातलं पहिलं मिनिट ते काहीही बोलले नाहीत. नेरुळच्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांनी बावीस वर्षं तरुण संघ चालवला होता. या काळात त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक मुलामुलीने त्याच पुलपिटवरून संदेश दिला होता. आमच्यात प्रवचनाला संदेश म्हणतात. काकांनी स्वतः तिथून तो कधीही दिला नव्हता.

का दिला नव्हता, याबद्दल तीन बातम्या प्रचलित होत्या. पहिली, त्यांनी तरुणपणी काहीतरी शपथ घेतली होती. दुसरी, ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून आले होते. तिसरी, त्यांची कवळी बोलताना सुटते. तिसरी बातमी त्यांनी स्वतःच पसरवली होती आणि त्यांचे दात स्वतःचे होते. पहिल्या दोन बातम्यांना कधी दुजोरा मिळाला नाही.

त्यांची नोकरी न्हावा शेवाच्या कंटेनर यार्डात झाली. आधी क्रेन चालवायचे. नंतर नव्या ऑपरेटरना शिकवायला लागले. निवृत्त झाल्यावरही लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज त्यांनी सोडले नाहीत. उपासनेला तेच, लग्नाला तेच. गळ्यात शिट्टी असायची. तरुण संघाच्या खोलीत खुंटीवर एक पिवळं हेल्मेट टांगलेलं होतं. गैरहजर माणसाबद्दल कोणी वाईट बोलायला लागलं, की काका न बोलता उठत आणि ते हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवत.

"हे कशाला, काका?" नवीन आलेला विचारायचा.

"तू बोल. वरून काय पडेल ते सांगता येत नाही, म्हणून."

मी संघात होते ती तीन वर्षं या हेल्मेटने जवळपास कोणालाच सोडलं नाही. एकदा पाळकसाहेब आधीच्या पाळकांबद्दल काही सांगत होते, तेव्हा काका खुंटीकडे नुसते बघत राहिले. पाळकसाहेबांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि पंखा थोडा मोठा करायला सांगितला.

प्रार्थनेचा त्यांचा एकच नियम होता. तरुण मुलं प्रार्थना करायला उभी राहिली की सुरुवातीला परिस्थितीचा आढावा घेतात. प्रभू, आज वाशीच्या पुलावर ट्रॅफिक होतं, प्रभू, माझ्या मावशीचं ऑपरेशन गुरुवारी आहे, डॉक्टर म्हणाले खडा मोठा आहे. एवढं झालं की शिट्टी वाजायची.

"देवाला बातम्या नका सांगू. त्याला माहीत आहेत. मागायचं काय ते माग आणि बस खाली."

दर शनिवारी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. पवित्र शास्त्राचे किती अध्याय वाचले, हे नाही. "या आठवड्यात कोणाची माफी मागितलीस?"

"कोणाचीच नाही," असं अमोल एकदा म्हणाला. अमोल तेव्हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि संघात सर्वांत छान बोलायचा.

"चूकच नाही केलीस?"

"केली ना."

"मग अर्धंच काम केलंस."

उपासनेत काका शेवटच्या बाकावर, अगदी मधल्या वाटेला लागून बसत. तिथून ते पुलपिटवरच्या मुलांना क्रेनच्या खुणा करत. यार्डात एवढा आवाज असतो, की खाली उभा असलेला माणूस ऑपरेटरला हातानेच सांगतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सावकाश उतरव. दोन्ही हात आडवे पसरून जोरात हलवले की आहे तिथे, आहे तसं, ताबडतोब बंद. या खुणा आम्हाला तोंडपाठ होत्या. आवाज चढला की काका उतरव म्हणत. तीन मुद्दे सांगून चौथा काढला, की हात आडवे.

एक खूण मात्र वेगळी होती. दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंतवायचे. तिचा अर्थ, सगळं जागच्या जागी धरून ठेवा. मशीन बंद करायचं नाही, वजन सोडायचं नाही, फक्त थांबायचं. काका म्हणायचे, प्रार्थना म्हणजे हीच खूण आहे, चर्चमध्ये लोकांना वाटतं ती सभ्यपणाची पद्धत आहे.

या खुणांमुळे एकदा मोठा घोटाळा झाला. बाहेरगावचे एक वक्ते पाहुणे म्हणून आले होते. चाळीस मिनिटं झाली तरी ते प्रस्तावनेतच होते. काकांनी बोट खाली करून फिरवलं. उपयोग झाला नाही. पन्नासाव्या मिनिटाला ते उठून उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरून हलवू लागले. पाहुण्यांना क्रेनची काही माहिती नव्हती. ते गहिवरले.

"पाहा, मागे बंधूवर पवित्र आत्मा उतरला आहे," ते म्हणाले. "आपणही हात पसरा."

पुढच्या रांगेने मागे वळून पाहिलं आणि हात पसरले. मग दुसऱ्या रांगेने. दोन मिनिटांत सगळं चर्च हात पसरून उभं होतं, मंडळीच्या सेक्रेटरीबाईंसह. पाहुणे आणखी पंचवीस मिनिटं बोलले. काकांचे दंड थरथरत होते पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत. आम्ही नंतर विचारलं, तेव्हा ते खांदे चोळत म्हणाले, "इमर्जन्सी स्टॉप दिला की मशीन थांबेपर्यंत हात खाली घ्यायचा नसतो. नियम आहे."

पण काकांची खरी शाळा चर्चमध्ये भरत नसे. ती वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये, दर मंगळवारी सकाळी सातला भरायची. तिथे आबा होते. आबा माथाडी कामगार, मूळचे साताऱ्याकडचे. पाठीवर गोण्या वाहून मान थोडी पुढे आलेली, कपाळाला अष्टगंध, डोक्याला पांढरी टोपी. नाताळच्या प्रीतिभोजनाचे कांदे काका आबा काम करत त्या गाळ्यावरून घेत आणि त्यातून दोघांची दोस्ती झाली होती. ज्याला पहिला संदेश द्यायचा असेल, त्याने तो आधी आबांना त्यांच्या चहाच्या सुट्टीत सांगायचा. कागद हातात घ्यायचा नाही. चहा संपेपर्यंत वेळ. मग काका विचारणार, "आबा, काय कळलं?" आणि आबा सांगणार. आबांनी सांगितलेलं आपण म्हटलेल्याशी जुळलं तर पास. नाही जुळलं तर पुढच्या मंगळवारी पुन्हा.

आबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. "मी काय बाप्तिस्मा घेनार न्हाई, बघा."

"तुम्हाला कोण घ्या म्हणतंय?" काका म्हणाले होते. "तुम्ही फक्त कळलं की नाही ते सांगा. आमचे लोक कळलं नाही तरी आमेन म्हणतात."

या परीक्षेत अमोल पहिल्या फटक्यात पास होणार, याबद्दल आमची खात्री होती. त्याने हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ बाकीची नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. अमोलने ती फार सुंदर सांगितली. मागे हमाल गोण्या टाकत होते, टेम्पोवाले हॉर्न देत होते, तरी त्याचा आवाज कुठे हलला नाही. आबांनी ग्लास खाली ठेवला.

"काय कळलं, आबा?"

"कळलं की. पण मला सांग, गड्या, नव्याण्णव रानात सोडली, तर राखन कोनी केली?"

"ते... ते महत्त्वाचं नाही, आबा. मुद्दा असा आहे की..."

"महत्त्वाचं कसं न्हाई? आमच्याकडं धनगरांचे वाडे बसतात. एका मेंढरापायी नव्याण्णव उघड्यावर टाकून जानारा मी तर पाह्यला न्हाई. लांडग्यांना काय आमंत्रन दिलं व्हतं का?"

अमोल नापास झाला. त्या आठवड्यात त्याने दोन पाळकांना विचारलं, इंटरनेटवर शोधलं, एका जाडजूड पुस्तकाची पानं मोबाइलवर काढून आणली. दुसऱ्या मंगळवारी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. आबांनी तिन्हींना नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या मंगळवारी अमोल दमून कांद्याच्या गोणीवर बसला आणि म्हणाला, "आबा, नव्याण्णवांचं काय झालं, मला माहीत नाही. मी एवढंच सांगू शकतो की, एकदा हरवलेला मी होतो."

आबांनी उरलेला चहा संपवला. "हां," ते म्हणाले. "ह्ये कळलं."

काकांनी शिट्टी वाजवली. शेजारच्या गाळ्यावरचा टेम्पो त्या शिट्टीने मागे आला आणि बटाट्याच्या थप्पीला टेकला. टेम्पोवाल्याची माफी अमोलने मागितली. त्या शनिवारचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

मी चौथ्या मंगळवारी पास झाले. पहिल्या तीन मंगळवारी आबांना काय कळलं होतं, ते इथे देण्याची गरज नाही.

यंदा मंडळीच्या कमिटीने काकांच्या बाबतीत निर्णय घेतला. सेक्रेटरीबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी बैठकीत विचारलेला प्रश्न रास्त होता. "स्वतः कधी पाण्यात न उतरलेला माणूस बावीस वर्षं पोहायला शिकवतोय. असं अजून किती दिवस चालवायचं?" तरुणांसाठी बारा धड्यांचा एक तयार कोर्स उपलब्ध होता. प्रोजेक्टर, पुस्तिका आणि शेवटी सर्टिफिकेट. कमिटीने काकांना पर्याय दिला. युवा रविवारी त्यांनी स्वतः संदेश द्यावा, नाहीतर संघाच्या खोलीची चावी परत करावी.

काकांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नाही.

पुढच्या शनिवारी संघाची मुलं खोलीबाहेर जिन्यात बसली. त्यांची प्रमुख एस्तेर, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रविवारी संध्याकाळी तिने आम्हा जुन्या मुलांना फोन लावले. मला ती एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही या. नाहीतर युवा रविवारनंतर आम्हाला पडद्यावर बघून चांगलं व्हावं लागेल."

सोमवारी आम्ही तिघं करावे गावात गेलो. मी, एस्तेर आणि अमोल, ज्याला आता टक्कल पडायला लागलं आहे. काका तिथे एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतात. घरमालकीण गावातलीच, दारात सुकट निवडत बसली होती.

"काका आहेत का?" एस्तेरने विचारलं.

"हाय घरान," ती म्हणाली. "पन नाय असा सांगाला सांगितलाय."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही आत गेलो. काका सेफ्टी शूज घालून पलंगावर बसले होते, बाहेर जायच्या बेतात असल्यासारखे. मागच्या दाराची कडी काढलेली होती.

"पळत होतात?" अमोल म्हणाला.

"वारा येतो तिकडून."

"काका, तुम्हाला भीती वाटते का?" एस्तेरने विचारलं.

"हो."

एवढ्या लवकर कबुली मिळेल अशी आमची अपेक्षा नव्हती. एस्तेर म्हणाली, "आम्हालाही वाटते. मी आबांसमोर गेले तेव्हा माझे पाय कांद्याच्या सालांवरून सरकत होते. तुम्ही म्हणालात, नापास झालेला परत येतो, न आलेला मात्र कायमचा नापास. उद्या मंगळवार आहे. आबांना सांगू का येताय म्हणून?"

"उद्या माझं काम आहे."

"काय काम?"

काकांनी उठून मागच्या दाराची कडी परत लावली. पण मंगळवारी ते गेले नाहीत. आबांनी दोन चहा मागवले आणि दोन्ही स्वतःच प्यायले, असं एस्तेरने कळवलं. बुधवारी सेक्रेटरीबाईंना एक चिठ्ठी मिळाली. तिच्यात लिहिलं होतं, "रविवारी बोलेन. वेळ थोडा लागेल. चावी तुमच्याकडेच असू द्या."

युवा रविवारी चर्च भरलेलं होतं. रविवारी मार्केट बंद असतं. उपासना सुरू व्हायच्या आधी आबा धुतलेल्या धोतरात, टोपी घालून आले आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसले. काका त्यांना पाहून जागीच थांबले.

"तुम्ही इथे?"

"तुमी मंगळवारी आला न्हाई. मग मी रविवारी आलो."

मुलांनी शेवटचा बाक काबीज केला होता. गाणी झाली, वाचन झालं. काका पुलपिटच्या लाकडी पायऱ्या चढले, तेव्हा सेफ्टी शूजचा प्रत्येक आवाज ऐकू आला. वर गेल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. पंधरा सेकंद गेली. तीस गेली. एक लहान मूल खोकलं आणि त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलं. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मागे एस्तेर उठून उभी राहिली. तिने बोट वर केलं आणि गोल फिरवलं. उचला.

तिच्या शेजारच्या मुलाने केलं. मग तिच्या दुसऱ्या बाजूच्या मुलीने. अमोल तिसऱ्या रांगेत, आबांच्या शेजारी होता. त्यानेही केलं. अर्ध्या मिनिटात अख्खा शेवटचा बाक बोटं फिरवत होता.

काका बोलू लागले.

ते म्हणाले, मी एकोणीस वर्षांचा असताना नगरकडच्या आमच्या गावात पहिला संदेश दिला. माझी आई शेजारणीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी एक तास बोललो. अवघड शब्द पाठ करून गेलो होतो, ते सगळे वापरले. घरी जाताना मी तिला विचारलं, आई, काय कळलं? ती म्हणाली, तू छान दिसत होतास.

चर्चमध्ये थोडे लोक हसले. काका थांबले. मागून बोट खाली फिरलं, सावकाश.

ते म्हणाले, त्या दिवशी मला वाटलं आई अडाणी आहे. ती अडाणी नव्हती. मी तिच्याशी बोलतच नव्हतो. मला त्याची एवढी लाज वाटली, की मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि दुसऱ्यांना शिकवायला लागलो. तिथे बसून हात हलवणं सोपं असतं. आता देवाबद्दल सांगायचं तर, देव...

इथे ते अडले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. अमोलने दोन्ही हात पोटासमोर गुंतवले. सगळं जागच्या जागी धरा. शेवटच्या बाकाने तेच केलं. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, स्वतःचे हात तसेच गुंतवले आणि डोळे मिटून "आमेन" म्हणाले.

संदेश संपला की काय, हे कोणाला कळेना. पेटीवाल्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी सेक्रेटरीबाईंकडे, आणि मग गाणं सुरू झालं.

बाहेर चहाच्या टेबलापाशी सेक्रेटरीबाई आल्या. त्यांनी पर्समधून चावी काढली. "दिलात तुम्ही संदेश. ही घ्या."

काकांनी हात मागे घेतला. "निकाल लागू दे."

मुलांनी वाट करून दिली. आबा बशीत चहा ओतत होते. काका त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेतल्यासारखे.

"काय कळलं, आबा?"

आबांनी चहाचा घोट घेतला. चेहरा अगदी गंभीर. "तुमी छान दिसत व्हता."

पहिल्यांदा काकाच हसले. हसता हसता त्यांना टेबल धरावं लागलं आणि दोन कप सांडले. मग आबा हसले, मग एस्तेर आणि मग सेक्रेटरीबाई, चावी हातात तशीच धरून.

"थट्टा झाली," आबा टोपी नीट करत म्हणाले. "आता खरं सांगतो. आईची गोष्ट कळली. सगळी कळली. घरी गेलो की माझ्या म्हातारीला फोन लावनार हाय. पन देवाची राह्यली."

"म्हणजे?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"म्हंजे नापास. मंगळवारी या."

काकांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं. "नापास झालो. नापास माणसाने चावी घ्यावी का?"

"नापास झाल्यावर तुम्ही आम्हाला कधी बाहेर काढलंत?" एस्तेर म्हणाली. "दर वेळी पुढचा मंगळवारच दिलात."

सेक्रेटरीबाईंनी क्षणभर विचार केला आणि चावी काकांच्या शर्टाच्या खिशात टाकली. कोर्सच्या पुस्तिका त्यांनी लायब्ररीत ठेवायला सांगितल्या.

मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी काका कांदा-बटाटा मार्केटमध्ये हजर होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं आणि हातात दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक कागद. आबांनी कागद काढून घेतला आणि दोन चहा सांगितले.